आदी वास, मंग घास

आमच्या आबांचा या दुनियेत कुनावरच इस्वास न्हाई. कुनावरच म्हंजी कुनावरच. सकाळी सूर्य उगवला तरी पडवीत बसून घटकाभर त्येच्याकडं डोळं बारीक करून बघत ऱ्हात्यात, कालचाच हाय का बदलून आलाय म्हनून. आभाळ निळं आसलं तर म्हनत्यात, "लई निळं दिसतंय, कायतरी डाव हाय ह्येचा." आन् भरून आलं तर म्हनत्यात, "ह्ये आपल्यासाठी न्हाई, ह्ये शेजारच्या न्हावऱ्यावाल्यांनी बोलावलंय." आबा म्हंजी माझ्या सासऱ्यांचे थोरले चुलतभाऊ. निमोण्यात आमच्या दारासमोरच त्येंचं दार, मधी फकस्त अंगन. मी मांडवगण फराट्याची, आठवीपातूर शिकलेली, आन् पयल्यापासूनच भित्री, पाल पडली तरी माझा ईळभर जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई. तवा आसल्या मानसासमोर माझं कसं झालं आसंल ते तुमीच समजा.

लगीन झाल्यावर पयल्यांदा त्येंना चहा घेऊन गेले. आबांनी कप नाकाला लावला, डोळं मिटलं, आन् इचारलं, "काय टाकलंय?" मी म्हनलं, "साखर, आबा." "आनिक?" "आलं." "आनिक?" मला तर रडूच फुटलं. तर म्हनले, "रडती म्हंजी कायतरी टाकलंयच," आन् पयला घोट बशीत वतून मांजरापुढं ठिवला. मांजरानं बशी चाटून साफ केली, वर आबांच्या कपाकडं बघाय लागलं, तवा कुठं आबांनी चहा पिला. आन् पिऊन झाल्यावर मांजराकडं बघत बसले, पडतंय का म्हनून.

आदी वास, मंग घास, ही आबांची रीत. भाकरीचा वास, भाजीचा वास, लग्नात वाढलेल्या जिलबीचा वास. वाढपी पोरगं वैतागून म्हनलं, "आबा, खायची आसती ती, हुंगायची न्हाई," तर आबा म्हनले, "तुझाबी घेऊ का?" शिरूरच्या दवाखान्यात डाक्टरनं गोळी दिली तर गोळीचा वास घेतला, मंग पान्याचा घेतला, आन् मंग जरा पुढं वाकून डाक्टरचाबी घेतला. मोबाईल कानाला लावत न्हाईत, हातभर लांब धरून बोलत्यात, आन् बोलून झालं की उलटा करून गादीखाली ठिवत्यात, ऐकत आसतोय म्हनून. लोक हसत्यात. मीबी हसायचे, त्वांडावर पदर धरून. पन एकदा आमच्या सासूबाईंनी मला सांगितलं, मंग माझं हसू जरा कमी झालं. आबांचं आख्खं तरुनपन मेंढरांमागं गेलं. पायी पायी मेंढरं घिऊन लांब लांब जायचे. एकदा कुठल्याशा रानाच्या कडंला मेंढरांनी पाला खाल्ला, आन् त्या पाल्यावर आदल्या दिशी फवारा मारलेला. कुनी सांगितलंच न्हाई. सांज व्हईपातूर निम्मा कळप आडवा. तवापासून आबा पाल्याचा पयला वास स्वतः घ्यायचे, आन् मंगच मेंढरांना वळवायचे. मेंढरं गेली, नाक राह्यलं.

मेंढरं खरंच गेली. आता चारायला माळ ऱ्हायलाय कुठं? हिकडं ऊस, तिकडं कांदा, बांधावरबी लोकांनी तार वढली. शेवटी इकून टाकली. आबांची बायको, म्हंजी आमच्या आजी, पुण्याला लेकाकडं नातवंडं सांभाळाय गेल्या. आबा एकटे राह्यले. सकाळी उठून काठी घ्यायचे, मेंढरांच्या रिकाम्या वाड्याच्या फाटकापातूर जायचे, आन् फाटक उघडून परत लावायचे. ते बघून लेकाला काय वाटलं आसंल कोन जानं, पुण्याहून येताना पिंजरा घिऊन आला. त्यात एक पाखरू. करड्या रंगाचं, डोक्यावर पिवळा तुरा, गालावर दोन्हीकडं केशरी टिकल्या. म्हनला, "आबा, परदेशी पोपट हाय, घरात पाळायला परवानगी आसलेला."

आबा म्हनले, "हिरवा न्हाई."

"ह्यो आसाच आसतो आबा."

"चोच बघ केवढीशी. ह्यो पारवा हाय. रंगवून दिलाय तुला."

लेक गेल्यावर आबांनी फडकं वलं केलं आन् त्या पाखराचं गाल पुसाय घेतलं, रंग जातो का बघाय. मी ववरीतनं बघतच व्हते. पाखरानं आबांचं बोट धरलं ते सोडंच ना. आबा वरडले न्हाईत. बोटातनं रगत आलं तरी नुसतं त्येच्याकडं बघत राह्यले, आन् मंग पयल्यांदाच मला आबांच्या त्वांडावर समाधान दिसलं. म्हनले, "खरा हाय. फडकं घिऊन आलेल्या मानसावर इस्वास ठिवत न्हाई." नाव ठिवलं सरपंच. म्हनले, डोक्यावर तुरा हाय, चहाबिस्किटाबगार काय खात न्हाई, आन् ईळभर नुसतं बोलतंय.

आन् ते खरंच व्हतं, तिथंच सगळं घोडं पेंड खात व्हतं. दुकानदारानं सूर्यफुलाच्या बियांची पिशवी दिलेली, ती सरपंच खायाचा, आन् आबांच्या बशीतलं चहात बुडवलेलं बिस्कीट. बास. वरीसभर ह्येच. आबांनी त्येला मेंढरं वळायची शीळ शिकवली, तर सांजच्याला सरपंच आशी शीळ घालायचा, की रस्त्यानं जानाऱ्या शेरड्या थांबायच्या. पन हळूहळू शीळ आखूड व्हाय लागली. पाखरू फुगून बसाय लागलं, पिसं इस्कटलेली, वरच्या दांडीवर चढताना धाप लागायची. आबा जवळ बसून नुसतं बघायचे. एकदा मी भाकरी द्यायला गेले तर म्हनले, "मेंढरू आसं उभं राह्यलं की समजायचं." शेवटचं जनावर व्हतं त्येंचं. ते गेलं आसतं तर फाटक उघडाय-लावायलाबी आबा उठले नसते, येवढं मला तवाबी कळत व्हतं.

माझ्या घरात येगळंच चाललं व्हतं. माझी स्वरा दोन वर्साची व्हऊन गेली तरी काय खायाची न्हाई. भात थुकायची, वरन थुकायची, भाजी बघितली की त्वांड फिरवायची. नुसता बिस्किटाचा पुडा. अंगनवाडीतल्या बाईंनी काट्यावर बसवली आन् त्वांड आसं केलं, की मी तवाच डाक्टर शोधाय लागले. आमचे हे कंपनीत, त्येंची पाळी कवा सकाळची कवा रातची, ते म्हनायचे, "खाईल की, न खाऊन जाईल कुठं?" जाईल कुठं म्हनलं की मला आनिकच भ्याव वाटायचं.

दौंडला ल्हान पोरांचे एक चांगले डाक्टर हायेत, आन् तिथंच पाखरांचं बघनारी एक डाक्टरीनबी हाय, आसं कळलं. मंग मी, काखंत स्वरा, आन् आबा, हातात पिंजरा, आसं आमी न्हावऱ्याला जाऊन दौंडची यष्टी धरली. कंडक्टर आला. "ताईचं हाफ, आबांचं माफ. आन् ह्ये कोन?"

आबा म्हनले, "सरपंच."

"मंग त्येंचं फुल लागंल."

"मी फुकट, ही हाफ, आन् ह्यो वंजळभर जीव फुल? मशीन दाखीव तुझं. आतनं कायतरी फिरवलेलं दिसतंय."

सगळी यष्टी हसाय लागली. कंडक्टरबी हसला आन् पुढं गेला. पन त्यो तिकीट न फाडता गेला म्हनून आबांना दौंडपातूर त्येच्यावर संशय.

डाक्टरीनबाईंनी सरपंचाला फडक्यात धरून वजन केलं, पोटाला बोट लावलं, आन् इचारलं, "आबा, हा काय खातो?"

"सगळं खातो."

"सगळं म्हणजे?"

"सूर्यफूल. आन् बिस्कीट."

बाईंनी कपाळाला हात लावला. म्हनल्या, नुसतं तेलकट बी खाऊन ह्येचं काळीज, म्हंजी यकृत, सुजलंय. आसंच चाललं तर लई दिवस काढनार न्हाई. मेथी, पालक, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, बीट, मोड आलेलं मूग, कवातरी मिरची, रोज थोडं थोडं, ताजं, धुऊन द्या. चहा आन् बिस्कीट आजपासून बंद. "पण बी एकदम बंद करायचं नाही हं आबा. हा उपाशी मरेल पण अनोळखी घास घेणार नाही. हळूहळू कमी करा. आणि हा कळपातला पक्षी आहे. समोर कुणी आनंदानं खाताना दिसलं, की तो खातो."

आबा एकदम सरळ झाले. "म्हंजी मेंढरूच की! म्होरक्या मेंढीनं त्वांड लावल्याबगार मागची लावत न्हाईत."

"अगदी तसंच."

येवढ्या वर्सांत आबा कुनाच्या बोलन्याला लगीच व्हय म्हनलेले मी तवाच बघितले. पन ते टिकलं कुठं? पुढं पोरांच्या डाक्टरकडं गेलो, तर त्येंनी स्वराला तपासून तेच सांगितलं. बिस्कीट बंद, पुड्यातलं बंद, ताजं द्या, थोडं थोडं द्या, बळजबरी करू नका. यष्टीत बसल्यावर आबा माझ्या कानाशी लागले, "सूनबाई, ही दोघं मिळालेली हायेत. येगळं दुखनं, येगळं जनावर, आन् औषद एकच? भाजीवाल्यांनी पढवलंय."

तरी पन घरी आल्यावर आबा कामाला लागले. बाजारातल्या मेथीवर त्येंचा इस्वास न्हाई, तवा मेंढरांना पानी पाजायची सिमेंटची टाकी व्हती ना, कोरडी पडलेली, ती त्येंनी मातीनं आन् लेंडीखतानं भरली आन् त्यात मेथी, पालक, कोथिंबीर टाकली. मेथी उगवली. आबांनी तिचाबी वास घेतला, स्वतःच लावलेली आसून. मंग जुडी धुऊन पिंजऱ्यात टांगली. सरपंचानं आदी एका डोळ्यानं बघितलं, मंग दुसऱ्या डोळ्यानं बघितलं, मंग चोचीत एक काडी धरली आन् खाली टाकली. मंग दुसरी टाकली. सगळी जुडी टाकून झाली, आन् मंग वर जाऊन आबांकडं आसा बघत बसला, की जसं इचारतोय, काय टाकलंय ह्यात? सासूबाई म्हनल्या, "जसा धनी तसं जनावर."

मंग आबा म्होरकी मेंढी झाले. सकाळी पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसायचे, हातात कच्ची मेथी, आन् मोठ्यानं कचाकचा चावायचे. चावून झालं की म्हनायचे, "म्या खाल्लं. आता तू." येनारं-जानारं थांबून बघायचं. कुनी म्हनायचं, "आबा, गव्हान कुठाय?" आबा कुनाला जुमानायचे न्हाईत. पन सरपंच हालायचा न्हाई. आन् का हालायचा न्हाई, ते मला ववरीतनं दिसायचं. आबांचा काय त्या कच्च्या पाल्यावर मनापासून इस्वास न्हवता. सवयीनं आदी वास घ्यायचे, चावताना त्वांड वाकडं करायचे, आन् "आता तू" म्हनून झालं की मान फिरवून हळूच थुकायचे. पाखराला काय डोळं न्हाईत व्हय? म्होरकीच थुकती म्हनल्यावर कळप कशाला खाईल?

इथपातूर सगळं हसन्यावारी व्हतं. मंग माझी झोप उडाली.

झालं आसं, की स्वरा दुपारची दिसंनाशी व्हाय लागली. हाक मारली की आबांच्या पडवीतनं यायची, त्वांड बंद, गाल फुगलेले. "काय केलं गं तिथं?" तर नुसती हसायची. घरी बिस्कीट दिलं तर नको म्हनाय लागली. मला वाटलं, आता बिस्कीटबी सोडलं, आता ही काय खानार? आबांना इचारलं, "स्वरा काय करती वो तुमच्याकडं?" तर आबा डोळं बारीक करून म्हनले, "काय न्हाई. काय करायचंय? कुनी सांगितलं तुला?"

त्यातच आमुश्या आली. सासूबाई बाहेरनं आल्या आन् दबक्या आवाजात म्हनल्या, "आगं, आबांच्या पडवीत दोऱ्यात मिरच्या टांगल्यात. पन लिंबू न्हाई."

मी म्हनलं, "मंग?"

"लिंबाबगार मिरच्या म्हंजी उलटं काम. आन् मधी मधी गाजराच्या चकत्या. मिरचीची करनी ऐकलीय, पन गाजराची मी बाई जल्मात ऐकली न्हाई."

मी पळत जाऊन लांबून बघितलं. मिरची, गाजर, मिरची, मक्याचा दाना, भोपळ्याची फोड, आशी माळच. खाली पत्रावळीवर मोड आलेलं मूग, आन् त्येच्यावर एक करडं पीस. आन् तवाच आबांच्या मोरीतनं पानी आलं आंगनात. लाल. आबांच्या गळ्यात माळ, ते कोंबडं कापायचे न्हाईत, घरात अंडंसुदिक येत न्हाई, आन् मोरीतनं लाल पानी. लई वेळ येत राह्यलं. मी धुन्याच्या दोरीवरच्या लुगड्यामागं हुबी राह्यले आन् बघितलं, तर आबा बाहेर आले, हातात ताटली. ती ताटली त्येंनी आजारी पाखराच्या पिंजऱ्यासमोर धरली, हिकडनं धरली, तिकडनं धरली, कायतरी पुटपुटले, आन् मंग तीच ताटली, तश्शीच, माझ्या पोरीच्या पुढ्यात ठिवली. आन् माझ्या पोरीनं, जी माझ्या हातचा भात थुकती तिनं, त्यातला लाल लाल तुकडा उचलून त्वांडात घातला.

आता तुमीच सांगा, दुसरं काय वाटंल? दुखनेकऱ्याच्या आंगावरनं घास उतरवायचा आन् तो दुसऱ्याच्या पोटात घालायचा, म्हंजी ह्येचं दुखनं त्येला. आमच्याकडं ल्हान पोरालाबी म्हाईत हाय, रस्त्यातलं उतरलेलं लिंबू वलांडायचं न्हाई. आन् हितं माझी पोर ते खातीय. आबा पाखराचं दुखनं माझ्या स्वरावर घालत्यात. मी पुढं बघायला थांबलेच न्हाई. धावत गेले, पोर उचलली, आबा "आगं, आगं" करत राह्यले, मी वळूनसुदिक बघितलं न्हाई. हे घरी आल्यावर मला म्हनले, "येडी हायेस का तू? आबा आन् करनी? आबांचा देवरुशावर तर आजाबात इस्वास न्हाई." मला ते पटलंबी. पन दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला शीला बसवली, आन् बघते तर लाल. लालभडक. मंग मला काय सुदरलंच न्हाई. आशी किंचाळले की सासूबाईंच्या हातनं तवा पडला. पिशवीत दोन फ्राका कोंबल्या, पोर काखंत मारली, आन् मिळंल त्या गाडीनं मांडवगण गाठलं.

आईच्या दारात जाऊन मी नुसती रडत व्हते. आईनं आदी पोरीचं कपाळ बघितलं, पोट बघितलं, जीभ बघितली. जीभ लाल. मंग बोटं बघितली. नखं लाल. मंग म्हनली, "आगं बये, पोरीनं बीट खाल्लंय."

"बीट?"

"मंग काय. वाडीच्या मामाची पोरं खात्यात की, त्येंचंबी आसंच व्हतंय. येवढं कळंना तुला?"

म्हंजी रगत न्हाई, हे कळलं. जीव खाली बसला. पन संशय काय खाली बसंना. बीट तर बीट, ते पाखरावरनं उतरवून का दिलं? मी म्हनलं, आता महिनाभर परत जायचंच न्हाई. आन् आबांना जे इचारायचं ते ह्येंनी इचारावं.

ह्येंचा फोन रोज यायचा. पयल्यांदा चिडलेले, मंग गप गप. एक दिवस म्हनले, "सरपंच काय खायाला तयार न्हाई. बीसुदिक सोडलंय. आबाबी जेवत न्हाईत. म्या इचारलं, तुमी पोरीला काय देत व्हता, तर म्हनत्यात, कुनी इचाराय पाठवलंय तुला?" मी ठिवून दिला फोन.

त्याच दुपारची गोष्ट. आई परड्यात मेथी खुडत व्हती, मी उंबऱ्यात बसलेले. स्वरा आईजवळ गेली, एक काडी उचलली, आन् आदी नाकाला लावली. आगदी आबा. मंग कचाकचा खाल्ली, कच्ची, पानासकट, आन् गिळली. मंग दुसरी काडी घिऊन खुराड्यापाशी गेली, आत एक रुसलेली खुडूक कोंबडी बसलेली, तिच्यापुढं मांडी घालून बसली, काडीचा शेंडा स्वतः खाल्ला, बाकीची आत सरकवली, आन् बोबड्या आवाजात म्हनली, "म्या खाल्लं. आता तू." आन् थांबली. हात मांडीवर ठिवून, श्वास धरून, आगदी शान्यासारखी थांबली, कोंबडी खाईपातूर.

तवा मला कळलं. ताटली आदी पाखराला दाखवायची, त्येचं ध्यान लागलं की पोरीनं त्यातलं खायाचं, आन् मंग उरलेलं पाखरानं. मी निम्मंच बघून पळाले व्हते. कळपाला म्होरकी सापडली व्हती, आन् ती म्होरकी मी उचलून मांडवगणला आनली व्हती.

सांजच्या गाडीनं परत आले. आबा पडवीत बसलेले, दाढी वाढलेली. पिंजऱ्याच्या तळाला सरपंच, दांडीवर चढायचीबी ताकद न्हाई, डोळं अर्धे मिटलेले. मी काय बोलायच्या आदी आबांनीच स्वराकडं बघितलं आन् मंग माझ्याकडं. मी म्हनलं, "आबा, ह्ये आसं हाय, आसं एकदा सांगायचं न्हाई व्हय?"

आबा म्हनले, "पोर खातीय म्हनून कुनी बोलून दाखवतं व्हय? दिष्ट लागती. आन् तुला सांगितलं आसतं तर तू म्हनली आसतीस घशात अडकंल, सर्दी व्हईल, पाखराचं काय लागंल. भोपळा उकडून द्यायचो, गाजर पातळ चकत्या करून. पाखराचं येगळं, पोरीचं येगळं, ताटली एक पन कड येगळी." मंग आवाज बारीक करून म्हनले, "त्ये लाल मात्र मलाबी पटलं न्हवतं. बाजारातलं बीट ना ते. धुतलं, लाल पानी. परत धुतलं, तरी लाल. दुपार गेली धुन्यात. आजूनबी मला वाटतंय रंगवलेलंच हाय."

स्वरा तवर टाकीतनं मेथी उपटून घिऊन पिंजऱ्यापाशी बसलीबी. तिनं खाल्लं. "आता तू." सरपंच हालला न्हाई. तिनं परत खाल्लं. आबा काठी टाकून पिंजऱ्याजवळ सरकले. मी पदराचा बोळा त्वांडात धरलेला. तिनं तिसरी काडी खाल्ली, सावकाश, आवाज करत, आन् पान पिंजऱ्याच्या तळाला, त्येच्या छातीपाशीच ठिवलं. सरपंचानं एक डोळा उघडला. चोच लावली. पानाची कड गेली, येवढीशी, मुंगीनं खावी तेवढी. पन ती त्यानं टाकली न्हाई.

आबा उठून वाड्याच्या फाटकापातूर गेले आन् तिकडंच त्वांड करून लई वेळ हुबे राह्यले. परत आले तवा मला वाटलं आता रागं भरत्यात. तर म्हनले, "सूनबाई, पोर उचलून न्हेलीस ते बरं केलंस. आई आसावी तर आशी. माझ्यावर इस्वास ठिवला आसतास, तर मला तुझाच संशय आला आसता."

त्येंच्या त्वांडून ह्येच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कुनाला मिळालं आसंल आसं मला वाटत न्हाई.

सरपंच हळूहळू उठला. बी कमी कमी केलं, आता मुठीतलं चिमटीवर आलंय. मेथी खातो, शेवग्याचा पाला खातो, मिरचीच्या तर आदी बिया खातो, आन् दोऱ्यातली गाजरं फाडून पडवीभर सडा घालतो. डाक्टरीनबाईंकडं परत नेला तवा त्या म्हनल्या, छान चाललंय. यष्टीत आबा म्हनले, "लई छान म्हनल्या, कायतरी लपवत्यात." स्वराचं त्वांडबी आता भरलंय. किती भरलंय ते मी सांगनार न्हाई, दिष्टीचं मलाबी म्हाईत हाय.

पन आता ती बालवाडीत जाती. दुपारच्याला पडवी मोकळी आसती. आबा ताटली घिऊन बसत्यात, सरपंचबी बसतो, आन् दोघंबी रस्त्याकडं बघत्यात. परवा मी धुनं वाळत घालत व्हते, तवा सरपंचानं मेंढरं वळायची ती लांब शीळ घातली. मेंढरू कुठलं यायला? पन बालवाडी सुटली व्हती, स्वरा दप्तर आपटत पळत आली, टाकीतली मेथी खुडली, एक काडी स्वतः खाल्ली, एक पिंजऱ्यात दिली, आन् तिसरी आबांच्या त्वांडापुढं धरली. "आता तू."

आबांनी डोळं मिटलं. मी बघत व्हते नाकाकडं. नाक हाललं न्हाई. त्येंनी ती काडी तिच्या हातातनं तशीच त्वांडात घेतली, चावली, लई वेळ चावली, आन् मान न फिरवता गिळली.